वाहन चालवताना भ्रमणध्वनीचा वापर आणि पोलीस नियंत्रण : महाराष्ट्रातील नागरी व ग्रामीण भागांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वाहन चालवताना भ्रमणध्वनी वापरू नये, हे ठाऊक नसलेला वाहनचालक आज शोधूनही सापडणार नाही. तरीही कोणत्याही वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले, तर खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल दाबून, मान तिरकी करून चाललेला दुचाकीस्वार दिसतोच. चारचाकीतील चालकाचा मोबाईल दिसत नाही, कारण तो मांडीवर असतो; पण वाहनाची चाल मंदावणे, मार्गिका सोडून वाहन हळूहळू कडेला सरकणे या खुणांवरून तो कळतो. म्हणजे हा प्रश्न अज्ञानाचा नाही. नियम माहीत असूनही तो मोडला जातो, कारण मोडताना कोणी पाहील आणि पाहिले तर काही होईल, असे चालकाला वाटत नाही. या अर्थाने हा प्रामुख्याने नियंत्रणाचा प्रश्न ठरतो.

रस्ता सुरक्षेविषयीच्या लेखनात शहर आणि खेडे यांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत आहे. कायदा सर्वत्र एकच असल्याने तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु कायदा राबविणारी यंत्रणा, रस्त्याचे स्वरूप, वाहनांचे प्रकार आणि पोलीस व नागरिक यांचे परस्परसंबंध या चारही बाबतींत दोन्ही भागांत मोठे अंतर आहे. पोलिसांना जेथे दिसते तेथे कारवाई होते. जीवितहानी मात्र जेथे पोलीस क्वचित दिसतात तेथे अधिक होते. ही विसंगती कशी निर्माण होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांत रोज अप-डाऊन करणाऱ्या प्राध्यापकवर्गाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पहिल्या तासाला उशीर होत असताना वाजणारा मोबाईल आपणही, खरे सांगायचे तर, उचललेला असतो.

भ्रमणध्वनीमुळे नेमके काय घडते

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. आलेला संदेश कोणाचा आहे, एवढेच पाहण्यासाठी तीन सेकंद नजर खाली गेली, तरी तेवढ्या वेळात सुमारे ५० मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. हा धोका सहज कळणारा आहे. न कळणारा धोका संभाषणाचा आहे. डोळे रस्त्यावर असले तरी लक्ष दुसरीकडे असेल, तर समोरची वस्तू दृष्टीस पडूनही मनाला जाणवत नाही.

या विषयावरील दोन अभ्यास आजही आधारभूत मानले जातात. कॅनडातील रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी १९९७ साली टोरांटो परिसरातील ६९९ चालकांच्या दूरध्वनी नोंदी आणि अपघाताची वेळ यांची सांगड घातली. दूरध्वनीच्या वापराच्या काळात अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असे त्यांना आढळले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर आधारलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जवळपास तेवढेच प्रमाण निघाले. दोन्ही अभ्यासांतील अधिक महत्त्वाची बाब वेगळीच आहे. हातात न धरता, म्हणजे हँड्सफ्री साधनाद्वारे बोलणाऱ्यांचा धोका हातात धरून बोलणाऱ्यांच्या तुलनेत कमी आढळला नाही.

शेजारी बसलेल्या व्यक्तीशी बोलण्यात आणि दूरस्थ व्यक्तीशी बोलण्यात फरक आहे. शेजारच्या माणसाला वळण दिसते, समोरून येणारा ट्रक दिसतो, आणि तो आपोआप गप्प बसतो. दूरध्वनीच्या पलीकडच्या माणसाला हे काही दिसत नसल्याने तो उत्तराची अपेक्षा करीतच राहतो. कायद्याने मात्र बंदीची रेषा हातापाशी ओढली आहे. हात दिसतो आणि मन दिसत नाही. पोलिसाला सिद्ध करता येईल अशीच गोष्ट कायद्याला गुन्हा ठरवावी लागते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मूळतः भ्रमणध्वनीचा उल्लेख नव्हता, आणि तो असणे शक्यही नव्हते. धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयीच्या कलम १८४ खाली, किंवा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ खाली अशा चालकावर कारवाई करता येत असे. नियम २१ मध्ये जनतेला उपद्रव किंवा धोका ठरणाऱ्या कृत्यांची यादी असून तीत वाहन चालवताना मोबाईल वापरणे समाविष्ट आहे. त्यावरून चालकाची अनुज्ञप्ती निलंबित करता येते. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये सर्व राज्यांना कळविले की मद्यप्राशन, अतिवेग, सिग्नल तोडणे यांच्याबरोबरच मोबाईलवर बोलत वाहन चालविणाऱ्यांची अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करावी.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ ला स्पष्टीकरण जोडले गेले आणि हातात धरून वापरावयाच्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक चालनाच्या प्रकारांत नावानिशी आला. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी ही तरतूद आहे. व्यवहारात बहुतेक प्रकरणे न्यायालयात जात नाहीत. कलम २०० नुसार राज्य शासन तडजोड शुल्क ठरवते आणि ते भरल्यावर प्रकरण मिटते. दुरुस्तीतील दंडाच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या, तेव्हा महाराष्ट्राने वाढीव दंडाला स्थगिती देऊन केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली होती. राज्यात वाढीव तडजोड शुल्काची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये निघाली.

नियमात १ ऑक्टोबर २०२० पासून आणखी एक भर पडली. वाहन चालवताना असे साधन केवळ मार्गदर्शनासाठी, म्हणजे नकाशा पाहण्यासाठी, आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरता येईल, असे त्यात म्हटले आहे. वरवर पाहता ही सवलत व्यवहार्य आहे. परंतु रस्त्यावरील हवालदाराच्या दृष्टीने तिने काम अवघड केले. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरविणारा चालक नकाशा पाहत होता की संदेश, हे दुरून ठरविता येत नाही. आणि अडविल्यावर प्रत्येकजण नकाशाच पाहत असतो. शिवाय ‘वाहन चालविणे’ या संज्ञेची व्याख्या अधिनियमात नाही. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभा असलेला चालक वाहन चालवीत आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्ये निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. आपल्याकडे ते ज्या त्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहते.

शब्दरचनेतील अशी उणीव किती महागात पडते, याची दोन उदाहरणे देता येतील. केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०१८ मध्ये असा निर्णय दिला की, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका निर्माण झाल्याचे दिसल्याखेरीज केवळ मोबाईलवर बोलत वाहन चालविले म्हणून केरळ पोलीस अधिनियमाच्या कलम ११८(ई) खाली गुन्हा होत नाही. तशी स्पष्ट बंदी त्या कलमात नव्हती. ब्रिटनमध्ये २०१९ साली रामसे बारेटो या चालकाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने, अपघातस्थळाचे मोबाईलवर चित्रण करणे हे परस्पर संपर्कासाठी केलेला वापर नाही म्हणून तत्कालीन बंदीत बसत नाही, असे ठरविले. तेथील सरकारने २५ मार्च २०२२ पासून नियम बदलून छायाचित्रण, गाण्यांची यादी चाळणे असे जवळजवळ सर्व वापर बंदीच्या कक्षेत आणले. आपल्या कलम १८४ मध्ये साधनाचा उल्लेख आहे, वापराचे प्रकार सांगितलेले नाहीत. मोबाईल हँडलवरील पकडीत अडकवून त्यावर बोटाने टंकलेखन करणारा दुचाकीस्वार या तरतुदीत बसतो की नाही, यावर वाद घालता येतो.

नागरी भागातील नियंत्रण

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत वाहतूक शाखा स्वतंत्र असते. तिचे मनुष्यबळ वाहतुकीच्या कामासाठीच असते, चौकाचौकांत नेमणुका असतात आणि त्याच्या जोडीला सीसीटीव्हीचे जाळे असते. मुंबईत २०१६ पासून कॅमेऱ्याच्या साहाय्याने ई-चलन पाठविण्यास सुरुवात झाली. पुढे ही पद्धत राज्यभर पोहोचली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ ने अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला पक्का आधार दिला. वेगमापक कॅमेरा, क्रमांकपट्टी ओळखणारी यंत्रणा, पोलिसाच्या गणवेशावरील कॅमेरा यांद्वारे ज्या अपराधांचे चलन करता येते, त्यांत मोबाईलचा वापरही आहे.

तरीही शहरातील कारवाईला एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वाहतूक हवालदार चौकात उभा असतो आणि कॅमेराही बहुधा चौकातच असतो. त्यामुळे जो चालक सापडतो तो प्रायः सिग्नलला थांबलेला, किंवा नुकताच निघालेला असतो. मोबाईल वापरण्याचा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा क्षण तोच! उड्डाणपुलावर, वर्तुळाकार मार्गावर किंवा दोन चौकांमधील मोकळ्या पट्ट्यात, जेथे वेग असतो, तेथे पाहणारे कोणी नसते. चालकांनाही हे चांगले उमगलेले आहे. चौक जवळ आला की मोबाईल खाली जातो. पकडले जाण्याच्या भीतीने मोबाईल कानाऐवजी मांडीवर ठेवला, तर नजर रस्त्यावरून अधिकच हटते; म्हणजे अर्धवट नियंत्रणाने अपराध लपतो आणि धोका काहीसा वाढतोही.

शहरातील दुसरी अडचण उपजीविकेशी निगडित आहे. घरपोच खाद्यपदार्थ पोचविणारे तरुण आणि ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींचे चालक यांचा मालक मोबाईलमध्येच असतो. नवी मागणी पडद्यावर येते, ती ठराविक सेकंदांत स्वीकारावी लागते, ग्राहकाचा पत्ता विचारण्याचा दूरध्वनी वाटेतच येतो. अशा चालकाला चौकात दंड करणे कायद्याला धरून आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा दिवसाची कमाई बुडण्याची भीती मोठी असल्याने त्याचे वर्तन त्यामुळे बदलेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. वाहन गतिमान असताना मागणी पडद्यावर येऊच नये, अशी रचना करणे ॲप चालविणाऱ्या कंपनीला तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. तशी सक्ती करण्याचे काम चौकातील हवालदाराचे नव्हे.

कॅमेऱ्याने केलेल्या चलनाविषयीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चलन वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, चालकाच्या नव्हे. कलम १३३ नुसार चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक असले, तरी ती प्रत्येक प्रकरणात मागविली जातेच असे नाही. अनुज्ञप्तीचे निलंबन मात्र चालकाची ओळख पटल्याखेरीज करता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष अडवून केलेल्या कारवाईतून जे निलंबन होऊ शकते, ते कॅमेऱ्याच्या कारवाईतून सहसा होत नाही. उरतो तो केवळ दंड, आणि तोही भरला गेला तर. थकीत ई-चलनांच्या वसुलीसाठी लोकअदालतींचा आधार घ्यावा लागतो, यावरून तत्काळ दंडाचा धाक किती उरला आहे याची कल्पना येते.

ग्रामीण भागातील नियंत्रण

ग्रामीण भागात रस्त्यावर कारवाई करू शकणाऱ्या यंत्रणा एकाहून अधिक आहेत. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील जिल्हा वाहतूक शाखा, महामार्गांवरील महामार्ग पोलीस, परिवहन विभागाची वायुवेग पथके आणि स्थानिक पोलीस ठाणे. यादी भरगच्च वाटते. प्रत्यक्षात जिल्हा वाहतूक शाखेचा बराचसा वेळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाहतुकीत जातो. महामार्ग पोलिसांचे कार्यक्षेत्र महामार्गापुरते असते. वायुवेग पथकाचा भर परवाना, कर, योग्यता प्रमाणपत्र आणि जादा भार यांवर असतो. राहिले पोलीस ठाणे. त्याच्या हद्दीत अनेक गावे, गुन्ह्यांचा तपास, समन्स-वॉरंट, यात्रा-जत्रा आणि निवडणुकांचा बंदोबस्त. यांतून उरलेल्या वेळात कधीमधी फाट्यावर नाकाबंदी होते, आणि तीही मुख्यतः कागदपत्रे तपासण्यासाठी. गावात कायमस्वरूपी असणारा पोलीस पाटील हा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खालील पदाधिकारी. वाहतुकीचा दंड करणे हे त्याचे काम नाही.

फाट्यावरील नाकाबंदी मोबाईलच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी ठरते, याला साधे भौगोलिक कारण आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पोलिसांची गाडी अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. हेल्मेट किंवा कागदपत्रे अर्ध्या किलोमीटरमध्ये पैदा करता येत नाहीत. मोबाईल मात्र एका सेकंदात खिशात जातो. समोरून येणारी वाहने दिवे लुकलुकवून सूचना देतात ते वेगळेच. शहरात चालक गर्दीत लपतो आणि हवालदारही गर्दीत लपलेला असतो. गावाकडच्या रस्त्यावर पोलीस लपू शकत नाही.

त्यातही पोलीस आणि नागरिक यांचे नाते वेगळे. शहरात दंड करणारा आणि दंड होणारा एकमेकांना सहसा पुन्हा भेटत नाहीत. बीट अंमलदाराला मात्र त्याच गावात उद्या तपासासाठी जायचे असते, साक्षीदार मिळवायचे असतात, सणाला शांतता राखायची असते. मोबाईलवर बोलल्याबद्दल सरपंचाच्या पुतण्याला दंड करून हे सारे अवघड करून घेण्यात त्याला स्वारस्य नसते, आणि त्याला सर्वस्वी दोष देता येईल असेही नाही. अडविलेला तरुण ज्या मोबाईलमुळे सापडला तोच मोबाईल पुढे करून ‘साहेबांशी बोला’ म्हणतो, हा प्रसंग ग्रामीण भागात नोकरी केलेल्या कोणालाही अपरिचित नसावा.

वापराची कारणेही निराळी आहेत. शेतीपंपाचा वीजपुरवठा अवेळी येतो. पंपाला जोडलेला मोबाईल ऑटो-स्टार्टर वीज आल्याचे दूरध्वनीवरूनच कळवतो आणि शेतकरी दुचाकीवर असतानाच पंप चालू-बंद करतो. वडाप जीपचा चालक पुढच्या गावातील प्रवाशांची बेगमी मोबाईलवर करीत असतो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर गाण्यांचा आवाज आणि मुकादमाचे दूरध्वनी एकाच वेळी चालू असतात. यांपैकी कोणालाही आपण धोकादायक काही करीत आहोत असे वाटत नाही, कारण रस्ता रिकामा दिसतो. रिकाम्या रस्त्यावर वेग अधिक असतो, दुभाजक नसतो, दिवे नसतात, कडेला बैलगाडी किंवा बंद पडलेला ट्रक परावर्तकाविना उभा असतो आणि अपघात झालाच तर रुग्णालय दूर असते. शहरात मोबाईलमुळे झालेली चूक अनेकदा बंपरवर निभावते. दुपदरी राज्यमार्गावर तिची परिणती समोरासमोरच्या धडकेत होते.

नियम १६७-अ ची रचनाही हे अंतर वाढविणारीच आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील अधिक धोक्याचे व अधिक वर्दळीचे पट्टे, तसेच दहा लाखांहून अधिक लोकसंख्येची आणि अधिसूचनेत नमूद केलेली १३२ शहरे येथे इलेक्ट्रॉनिक साधने बसविण्यावर त्याचा भर आहे. या यादीत मुंबई-पुण्याबरोबर जालना, लातूर, सांगली यांसारखी शहरे आहेत. जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांचा मात्र त्यात विचार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये कार्यान्वित झालेली यंत्रणा मोबाईलच्या वापरासह १७ प्रकारचे अपराध टिपते. हा मार्ग रायगड आणि पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातून जातो खरा, पण त्यावर दुचाकींना प्रवेशच नाही. त्याच्या कडेच्या गावांतील माणूस ज्या वाहनावरून रोज जा-ये करतो, ते वाहन त्या कॅमेऱ्यांच्या नजरेत येत नाही.

आकडेवारीचे वाचन

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते. मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता. मोबाईलच्या वापरामुळे झालेले अपघात ७,५५८ आणि त्यांतील मृत्यू ३,३९५ असे नोंदले गेले, म्हणजे एकूण मृत्यूंच्या सुमारे दोन टक्के.

या दोन टक्क्यांवर कितपत विश्वास ठेवावा? त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, मोबाईलमुळे झालेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४० नोंदले गेले होते. एका वर्षात देशातील एकूण अपघात सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. मोबाईलचे अपघात मात्र पावणेचार पटींहून अधिक झाले. लोकांची सवय एका वर्षात चौपट बिघडली असे मानण्यापेक्षा नोंदीची रीत बदलली असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. अपघात झाल्यावर पोलीस जे कारण नोंदवितात ते दिसणाऱ्या पुराव्यावर अवलंबून असते. घसरणीच्या खुणा, वाहनाची अवस्था, साक्षीदारांचे म्हणणे यांवरून ‘अतिवेग’ हे कारण चटकन लिहिता येते. २०२२ मधील ७१ टक्के मृत्यू याच सदरात जमा आहेत. चालक त्या क्षणी मोबाईलवर होता, हे तो स्वतः सांगणार नाही आणि मृत झाला असेल तर सांगूच शकणार नाही. निर्जन रस्त्यावर पाहणारा साक्षीदारही नसतो. म्हणून ग्रामीण भागात मोबाईलमुळे झालेले अपघात अतिवेगाच्या किंवा ‘इतर’ कारणांच्या रकान्यात विरून जाण्याचा संभव शहरापेक्षा अधिक आहे.

चलनांच्या संख्येबाबतही हेच म्हणता येईल. एखाद्या शहरात मोबाईलची चलने वाढली, तर वापर वाढला असा अर्थ वृत्तपत्रे काढतात आणि एखाद्या तालुक्यात ती नगण्य असली तर तेथे हा प्रश्नच नाही असे मानले जाते. चलनांचा आकडा प्रत्यक्षात पोलिसांची उपस्थिती मोजतो. तो पाहून मनुष्यबळ वाटले, तर जेथे पोलीस आधीच आहेत तेथेच ते आणखी जातील.

अपघातानंतरचा पुरावा

प्राणघातक अपघातात भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १०६(१) खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३०४-अ च्या जागी, गुन्हा नोंदविला जातो. अशा वेळी तपासी अधिकारी दूरसंचार कंपनीकडून कॉलच्या तपशिलाच्या नोंदी मागवू शकतो. या नोंदीवरून संभाषणाची वेळ आणि कालावधी कळतो. अपघाताची नेमकी वेळ माहीत असेल, तर दोन्ही जुळवून पाहता येतात. टोरांटोच्या संशोधकांनी नेमके हेच केले होते. पण निर्जन रस्त्यावरील अपघाताची वेळ बहुधा ‘अंदाजे’ असते, आणि पाच मिनिटांच्या फरकाने पुरावा निकामी होतो. व्हॉट्सॲपवरून केलेले संभाषण साध्या कॉल नोंदीत दिसतच नाही. संभाषण हँड्सफ्री साधनावर झाले की मोबाईल हातात होता, हेही त्यावरून सिद्ध होत नाही.

त्यामुळे घटनास्थळ पंचनाम्याला महत्त्व येते. मोबाईल कोठे पडलेला होता, चालू होता की बंद, पकडीत होता की नाही, या गोष्टी पहिल्या तासातच नोंदविल्या गेल्या तर उपयोगी पडतात. नंतर मोबाईल नातेवाइकांच्या हाती जातो. केंद्राच्या एकात्मिक अपघात माहिती प्रणालीत महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांपैकी एक होता. या प्रणालीत घटनास्थळावरूनच माहिती भरण्याची सोय आहे. ती भरणाऱ्या ठाण्याच्या अंमलदाराला मोबाईलविषयी काय पाहावे, हे सांगणे फार खर्चाचे काम नाही.

नियंत्रणाचे अन्य मार्ग

इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ साली मांडलेला सिद्धांत गुन्हेशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती गुन्ह्याला अधिक आवर घालते. आपल्याकडील गेल्या काही वर्षांतील धोरण नेमके उलट्या दिशेने गेले. दंडाची रक्कम वाढली, निश्चिती होती तेथेच राहिली. ग्रामीण रस्त्यावर तर ती शून्याच्या जवळ आहे, आणि शून्याला हजाराने गुणले काय किंवा दहा हजारांनी गुणले काय, उत्तर बदलत नाही.

पोलिसांवाचूनही निश्चिती निर्माण करता येते, याचे एक उदाहरण घरचेच आहे. राज्य परिवहन महामंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या चालकांना बस चालवताना मोबाईल व इअरफोन वापरण्यास मनाई केली. महामंडळाच्या आदेशामागे खातेनिहाय कारवाईचा अधिकार असतो, आणि बसमधील प्रत्येक प्रवासी हा संभाव्य तक्रारदार असतो. जेथे पोलीस महिनोन्महिने जात नाहीत अशा वाडीपर्यंत हा नियम एसटीबरोबर पोहोचतो. साखर कारखान्यांनी ऊस वाहतुकीच्या करारात, दूध संघांनी टेम्पोच्या करारात, शाळांनी बसच्या करारात अशी अट घालून ती पाळून घेतली, तर ग्रामीण भागातील अवजड वाहतुकीचा मोठा हिस्सा तीत येईल. खासगी दुचाकीस्वार मात्र त्यातूनही सुटतोच.

त्याच्यासाठी फिरत्या कॅमेऱ्याचा विचार करावा लागेल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ च्या पूर्वार्धात मोबाईल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची चाचणी घेतली. ८५ लाख वाहने तपासल्यावर एक लाखाहून अधिक चालक मोबाईल वापरताना आढळले. १ डिसेंबर २०१९ पासून तीन महिने केवळ इशारापत्रे पाठवून १ मार्च २०२० पासून दंड सुरू झाला. संशयास्पद छायाचित्रे संगणक वेगळी काढतो आणि नंतर माणूस ती तपासतो. या यंत्रणेतील काही कॅमेरे स्थिर आहेत, तर काही ओढून नेता येणाऱ्या गाड्यांवर बसविलेले आहेत. आपल्या दृष्टीने दुसरा प्रकार महत्त्वाचा. कारण तो आज एका तालुक्यात, तर उद्या दुसऱ्या तालुक्यात उभा करता येतो. स्थानिक अंमलदाराला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही, आणि ‘साहेबांशी बोला’ म्हणण्यासाठी समोर कोणी नसते.

ही पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. तेथील कॅमेरा वरून, काचेतून मोटारीत पाहतो; आपल्याकडे टिपायची आहे ती प्रामुख्याने दुचाकी, जिच्या क्रमांकपट्टीवर बऱ्याचदा क्रमांकापेक्षा ‘दादा’ किंवा ‘मामा’ अधिक ठळक असते. जुनी दुचाकी दोन-तीन हातांतून गेलेली आणि अद्याप मूळ मालकाच्याच नावावर असते, त्यामुळे चलन भलत्याच्याच घरी जाते. हातात धरलेल्या साध्या मोबाईलने पोलिसांनी छायाचित्रे काढून चलन करण्याचा सोपा उपाय काही काळ रूढ होता; परंतु स्वतःचा खासगी मोबाईल त्यासाठी वापरू नये, अशा सूचना राज्यातील वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये देण्यात आल्या. पुराव्याच्या शुचितेच्या दृष्टीने त्या योग्यच होत्या. त्यानंतर ग्रामीण ठाण्यांच्या हाती शासकीय उपकरणे पुरेशा संख्येने देणे हे ओघाने येते.

सर्वांत मोठी अडचण नियमातच आहे. नियम १६७-अ नुसार जेथे इलेक्ट्रॉनिक साधन बसविले असेल तेथे ठळक सूचनाफलक लावणे आवश्यक आहे. वेगमर्यादेच्या बाबतीत ते समर्थनीय ठरते, कारण फलक पाहून चालकाने वेग कमी केला की त्या धोक्याच्या वळणापुरता हेतू साध्य होतो. मोबाईलच्या बाबतीत तसे होत नाही. फलकापाशी खिशात गेलेला मोबाईल फलक ओलांडताच पुन्हा बाहेर येतो. फलक कॅमेऱ्यापाशी न लावता तालुक्याच्या सीमेवर किंवा मार्गाच्या आरंभी, संपूर्ण मार्गासाठी लावण्याची मुभा फिरत्या साधनांपुरती दिली, तर सूचना देण्याचे तत्त्वही राहील आणि नेमकी जागा चालकाला कळणार नाही. यासाठी अधिनियमात दुरुस्ती करण्याची, म्हणजे संसदेकडे जाण्याची आवश्यकता नाही. नियमातील बदल केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे करू शकते, आणि राज्य शासनाने तशी मागणी करण्यास कोणताही प्रतिबंध नाही.